बढतीची तारीख चुकली आहे : युनिटमार्फत दुरुस्ती की कलम २७?

लष्करातल्या अधिकाऱ्याच्या नोंदीत बढतीची तारीख चुकलेली निघाली की मेसमध्ये दोन सल्ले मिळतात. सिनिअर सांगतात, "ॲडज्युटंटशी बोल, अमेंडमेंट पार्ट टू काढतील, विषय संपेल." कोर्समेट सांगतात, "वेळ घालवू नकोस, स्टॅट्युटरी कंप्लेंट टाक." पहिली वाट म्हणजे युनिटच्या कार्यालयाकडून (ॲडज्युटंट हा तिथला प्रशासन बघणारा अधिकारी) दुरुस्तीचा आदेश काढून घेणं; दुसरी म्हणजे आर्मी ॲक्टच्या कलम २७ खाली सरकारकडे तक्रार करणं. सेवेत असताना मी या दोन्ही वाटांवरून गेलो आहे. ज्याला आज यातली एक निवडायची आहे, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. पार्ट टू ऑर्डर म्हणजे अधिकाऱ्याच्या सेवेतला बदल नोंदवणारा युनिटचा आदेश; तक्रार कोणत्या चॅनेलनं जाते, हे त्याला ठाऊक आहे असं धरून चालतो.

मात्र निवड करण्याआधी नेमकी कोणती तारीख चुकली आहे ते नीट बघा, कारण अर्धा निर्णय तिथंच होतो. तारखा तीन ठिकाणी असतात. सिनियॉरिटी आणि सब्स्टँटिव्ह (कायम) रँकची तारीख सेना मुख्यालयाच्या नोंदीत असते. तीच पुढे भारताच्या राजपत्रात, भाग १, खंड ४ मध्ये छापून येते. तिसरी तारीख पुण्यात, गोळीबार मैदानाजवळच्या पीसीडीए (ओ) या अधिकाऱ्यांचं वेतन बघणाऱ्या लेखा कार्यालयातल्या तुमच्या वेतन लेख्यात असते, आणि ती युनिटनं काढलेल्या पार्ट टू ऑर्डरवरून चढते. या तिन्ही जुळल्या पाहिजेत. पहिल्या दोन बरोबर आणि फक्त तिसरी चुकलेली, असं असेल तर प्रकरण हलकं आहे. मुळातली तारीखच चुकली असेल तर ते जड आहे.

१६ डिसेंबर २००४ पासून कॅप्टन २ वर्षांनी, मेजर ६ वर्षांनी आणि लेफ्टनंट कर्नल १३ वर्षांनी, हे धोरण आलं. हिशोब आता सोपा झाला असं वाटतं. पण तो 'रेकनेबल', म्हणजे हिशोबात धरल्या जाणाऱ्या सेवेचा आहे. त्यात अँटी-डेट सिनियॉरिटी (मागच्या तारखेपासून दिलेली ज्येष्ठता) मिळवली जाते, काही कालावधी वजा होऊ शकतो, आणि पार्ट डी या बढतीच्या परीक्षेचा निकाल, मेडिकल कॅटेगरी, सीआर (वरिष्ठांनी लिहिलेला गोपनीय अहवाल) या अटी आहेतच. माझी १३ वर्षं पूर्ण झाली तेव्हा मी एका युनिटमधून सुटून दुसऱ्या युनिटला निघालो होतो. नव्या युनिटनं पार्ट टू ऑर्डर काढली ती मी तिथं हजर झालो त्या तारखेपासून. पुढची प्रत्येक नोंद त्या ऑर्डरवर उभी राहिली. माझ्या कोर्समधले, त्याच दिवशी कमिशन मिळालेले, त्याच अटी पूर्ण केलेले अधिकारी माझ्या आधीच्या तारखेचे लेफ्टनंट कर्नल झाले.

थोड्या दिवसांचा फरक आहे, कशाला उकरायचं, असं म्हणणारे भेटतात. त्यांच्याशी मी अजिबात सहमत नाही. सातव्या वेतन आयोगानंतर मेजरची लेव्हल ११ सुरू होते ६९,४०० वर. लेफ्टनंट कर्नलची लेव्हल १२ ए सुरू होते १,२१,२०० वर. मधल्या वर्षांत मेजरला मिळालेल्या वेतनवाढी धरल्या तरी ही उडी संपूर्ण सेवेतली सगळ्यात मोठी उडी आहे, त्यामुळे चुकलेला प्रत्येक महिना मोजून घ्यावा असाच असतो. शिवाय वेतनवाढ १ जानेवारीला किंवा १ जुलैला मिळते. २ जानेवारी ते १ जुलै या काळात बढती झाली तर पुढची वेतनवाढ १ जानेवारीला, आणि २ जुलै ते १ जानेवारी या काळात झाली तर १ जुलैला. तारीख या रेषेच्या पलीकडे गेली की वेतनवाढीचा दिवसही सरकतो आणि त्यानंतर दरवर्षी सरकलेलाच राहतो. पैशांपेक्षाही मला सलत होती ती सिनियॉरिटी. आपल्या बॅचमधला आपला क्रम कारकुनी नोंदीमुळे बदलावा, हे कुठल्याच अधिकाऱ्यानं गप्प बसून सोसू नये.

आता पहिली वाट. अर्ज एक पानाचा असतो आणि भाषा साधी चालते. कुणाविरुद्ध तक्रार नसते, त्यामुळे कमांडिंग ऑफिसरशी संबंधांवर सावट येत नाही. युनिटचा हेड क्लार्क जाणता असेल तर तो कुठल्याही वकिलापेक्षा लवकर चूक ओळखतो. जुन्या ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख टाकून ती रद्द करायची, नवी काढायची, सोबत पुरावे, आणि पुण्याला पाठवायचं. राजपत्रात तारीख बरोबर आहे आणि फक्त वेतन लेख्यात चुकली आहे, अशा प्रकरणात मी हीच वाट सुचवेन. ओळखीच्या एका अधिकाऱ्याचं काम असंच, फारसा पत्रव्यवहार न होता झालं. तो तेव्हा त्याच युनिटमध्ये होता, ही गोष्ट महत्त्वाची आहे.

कारण मी नव्हतो. आणि ज्या एका त्रासानं माझा निर्णय फिरवला तो इथंच सुरू झाला. मूळ ऑर्डर ज्या युनिटनं काढली, दुरुस्तीही त्याच युनिटनं काढावी, असं मला कळवण्यात आलं. तर्क म्हणून हे चुकीचं नाही, नोंद ज्याची त्यानंच ती बदलावी. पण तोवर माझी बदली झाली होती आणि ते युनिटही दुसऱ्या ठिकाणी हललं होतं. सीओ (कमांडिंग ऑफिसर) नवे, ॲडज्युटंट नवा, क्लार्क नवे. माझं पत्र त्यांच्यासाठी दरवेळी पहिलंच पत्र असे. लेख्याच्या बाजूनं ऑब्झर्वेशन (त्रुटी दाखवणारा शेरा) निघालं की ते युनिटच्या नावे जाई, माझ्या नावे नाही. त्यावर उत्तर गेलं की नाही हे मला फोन करून विचारावं लागे. मग मूळ ऑर्डरची प्रत जोडा असं पत्र माझ्याकडे येई, आणि ती प्रत ज्या फाईलमध्ये असायची ती फाईल त्याच युनिटमध्ये होती.

यात कुणी वाईट वागलं असं मला म्हणायचं नाही. सगळे सभ्य होते, "सर, प्रोसेसमध्ये आहे" असं प्रत्येकानं सांगितलं. अडचण अशी की 'नाही' असं कुणीच लिहून दिलं नाही. नकार मिळाला असता तर त्याच्यावर पुढे जाता आलं असतं. इथं आव्हान द्यायला कागदच नव्हता, आणि दिवस मात्र माझे जात होते.

दिवस जाण्याला कायद्यात किंमत आहे, हे बऱ्याच अधिकाऱ्यांच्या लक्षात येत नाही. अर्जावर अर्ज केल्यानं मुदत वाढत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्ये एस. एस. राठोर प्रकरणात सांगितलं आणि २००८ मध्ये सी. जेकब प्रकरणात ठळक केलं. त्याच वर्षीचा तरसेम सिंग निकाल तर आपल्या विषयाला थेट लागू पडतो. वेतन किंवा पेन्शन चुकीचं मिळत असेल तर ती सतत चालू राहणारी चूक मानून उशीर माफ होऊ शकतो, थकबाकी मात्र साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते. पण सिनियॉरिटी आणि बढतीसारख्या बाबतीत, जिथं इतरांचे स्थिरावलेले हक्क हलतात, तिथं उशिरा आलेली मागणी शिळी ठरते. म्हणजे पैशांसाठी थांबलात तर थोडं नुकसान होईल, क्रमासाठी थांबलात तर सगळंच हातचं जाऊ शकतं.

या पार्श्वभूमीवर दुसरी वाट बघा. आर्मी ॲक्ट, १९५० चं कलम २७ अधिकाऱ्याला केंद्र सरकारकडे तक्रार करण्याचा हक्क देतं. कलमाची शब्दरचना कमांडिंग ऑफिसर किंवा वरिष्ठाकडून अन्याय झाल्याची आहे, आणि तिथंच पुष्कळ जण बिचकतात. साहेबांना वाईट वाटेल का, सीआरवर परिणाम होईल का? माझ्या सीओंनी तक्रार शांतपणे वाचली, आपल्या शेऱ्यात वस्तुस्थिती बरोबर असल्याचं लिहिलं आणि पुढे पाठवली. नंतरच्या सीआरमध्ये मला काही वेगळं जाणवलं नाही. हा एका माणसाचा अनुभव आहे, सगळीकडे असंच होईल असं मी म्हणणार नाही. पण निवड मंडळाच्या निकालावरची किंवा सीआरवरची तक्रार आणि तारखेच्या नोंदीवरची तक्रार यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारात कुणाच्या निर्णयबुद्धीवर बोट ठेवलेलं नसतं. कागद कागदाशी जुळत नाही एवढंच दाखवलेलं असतं, आणि तसंच लिहिलं तर तसंच वाचलं जातं.

ही वाट जड आहे, हे कबूल. मसुद्याला मेहनत लागते. प्रत्येक पायरीवरच्या मुख्यालयाचे शेरे जोडले जातात, फाईल संरक्षण मंत्रालयापर्यंत जाते, आणि त्याला वेळ लागतो. नुसत्या गतीची तुलना केली तर चांगल्या युनिटमधली पहिली वाट कधीही पुढे असेल.

तरीही माझा कल दुसरीकडे झुकतो, कारण इथं घड्याळ तुमच्या बाजूनं चालतं. सशस्त्र दल न्यायाधिकरण कायदा, २००७ चं कलम २१ सांगतं की कायद्यानं दिलेले उपाय आधी वापरल्याशिवाय न्यायाधिकरण सहसा अर्ज दाखल करून घेणार नाही. पण तक्रारीवर सहा महिन्यांत अंतिम आदेश आला नाही, तर तो उपाय वापरून झाला असं धरलं जातं. त्यानंतर कलम २२ प्रमाणे न्यायाधिकरणात जायला आणखी सहा महिने मिळतात. आदेश आला असेल तर ते सहा महिने आदेशाच्या तारखेपासून मोजतात. म्हणजे तिकडची शांतता हीसुद्धा तुमच्यासाठी एक तारीख ठरते. पहिल्या वाटेवर माझं सगळं अडलं होतं ते नेमकं याच्याअभावी. आणि माझ्या तक्रारीला आलेलं उत्तर माझ्या नावे आलं, मुद्द्यांना धरून आलं, तारीख दुरुस्त करण्याचे निर्देश घेऊन आलं. ज्या युनिटकडून अमेंडमेंट निघत नव्हती तिथूनच ती निघाली, कारण आता वरून लेखी आदेश होता.

न्यायाधिकरणापर्यंत मला जावं लागलं नाही, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. बदली आणि रजा हे विषय त्याच्या कक्षेबाहेर आहेत, पण सिनियॉरिटी आणि बढती स्पष्टपणे कक्षेत आहेत. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबईचं खंडपीठ आहे. तुमची तारीख मागे नेल्यानं कुणाचा क्रम खाली जाणार असेल तर त्या अधिकाऱ्यांना प्रतिवादी करावं लागतं. ते मनाला जड जातं, पण टाळलं तर प्रकरण त्याच मुद्द्यावर अडकू शकतं.

निवृत्तांसाठी चित्र थोडं वेगळं आहे. कलम २७ ही सेवेत असलेल्यांची वाट आहे. पण २००७ चा कायदा निवृत्तांना आणि सेवाविषयक बाबतीत त्यांच्या वारसांनाही लागू होतो. त्यामुळे त्यांनी एक सविस्तर, पुराव्यांसह निवेदन द्यावं आणि मुदतीवर डोळा ठेवून न्यायाधिकरणाचा विचार करावा. जुन्या युनिटच्या भरवशावर बसण्यात निवृत्तीनंतर तर मला काहीच अर्थ दिसत नाही.

वाट कुठलीही धरा, कागद तेच लागतात : कमिशनची राजपत्रातली नोंद, पार्ट डीचा निकाल, एसओएस (जुन्या युनिटच्या पटावरून कमी झाल्याची) आणि टीओएस (नव्या युनिटच्या पटावर चढल्याची) या दोन्ही युनिटच्या तारखा, चुकलेली पार्ट टू ऑर्डर, आणि बढतीच्या अलीकडच्या-पलीकडच्या महिन्यांच्या पे स्लिप. यातलं काही हाताशी नसेल तर माहिती अधिकारात मागा. स्वतःची नोंद स्वतः मागायला संकोच नको. दहा रुपये शुल्क आणि तीस दिवसांची मुदत, एवढंच ते काम आहे. माझ्या तक्रारीला सगळ्यात जास्त बळ दिलं ते एसओएस आणि टीओएसच्या दोन तारखा शेजारी ठेवलेल्या एका ओळीनं. १३ वर्षं पूर्ण झाल्याचा दिवस त्या दोहोंच्या मध्ये पडत होता.

तेव्हा, चूक फक्त वेतन लेख्यात असेल, ऑर्डर काढणाऱ्या युनिटमध्येच तुम्ही असाल आणि बदली दूर असेल, तर युनिटमार्फत करून घ्या. यातली एक जरी अट सुटत असेल, तर मी तरी कलम २७ कडे वळेन. ज्यांना आधी युनिटची वाट धरून बघायचीच आहे, त्यांनी बदलीचा आदेश हाती पडेल तो दिवस शेवटचा धरावा. तोवर अमेंडमेंट निघालेली नसेल, तर युनिट सोडण्यापूर्वी तक्रार सीओंच्या कार्यालयात द्या आणि पोचपावतीवर तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय तिथून हलू नका.