ना-नफा वृत्तसंस्थेत मराठी-तेलुगू शोधपत्रकारिता : काही महिन्यांनंतरचा अनुभव

दैनिकातील नोकरी सोडून सोलापुरातील एका छोट्या ना-नफा वृत्तसंस्थेत रुजू होऊन आता बरेच महिने झाले आहेत. मराठी आणि तेलुगू दोन्ही जाणणारे जे पत्रकार या वाटेचा विचार करत असतील, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

येथे सर्वांत मोलाचा मिळतो तो वेळ. दैनिकात विडी कामगारांची बातमी मोर्चा आणि निवेदनापुरती असे. येथे मात्र वृद्ध विडी कामगार महिलांचा भविष्य निर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन का अडकते, या एकाच प्रश्नामागे अनेक आठवडे राहता आले. शहराच्या पूर्व भागात आणि कुंभारीच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत मराठीत विचारले की बहुतेक जणी ‘सगळं बरं आहे’ एवढेच सांगतात. तेलुगूत बोलणे सुरू झाले की प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेले विडी कार्ड, म्हणजे विडी कामगाराचे ओळखपत्र, पेटीतून बाहेर येते. एका आजींच्या कार्डावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे आणि निधीच्या नोंदीत भलतेच जन्मवर्ष होते. 2014 पासून ठरलेले किमान 1,000 रुपयांचे मासिक निवृत्तिवेतन एवढ्यासाठी अडून राहते, हे मला फार अस्वस्थ करते.

माहिती अधिकाराचा वापर येथे नीट शिकता आला. राज्याच्या कार्यालयात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत बसवावा लागतो, तर निधीचे काम केंद्राकडे असल्याने तेथे 500 शब्दांपर्यंत मुभा आहे; शुल्क दोन्हीकडे 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस. मोघम माहिती मागण्यापेक्षा अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी मागावी, असे माझे ठाम मत झाले आहे. व्यक्तींची नावे मात्र मागू नयेत. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 मधील वैयक्तिक माहिती नाकारण्याचा अपवाद अधिक व्यापक केला आहे, आणि तसेही नाव-जन्मवर्षाच्या प्रलंबित दुरुस्ती अर्जांची महिनावार संख्या बातमीला पुरेशी असते.

उणीव पैशाची आहे. वेतन दैनिकापेक्षा कमी, अनुदान वर्षागणिक, परदेशी देणगीवर वृत्तमाध्यमांना कायद्याने बंदी. आणि शहरात मोठी देणगी देऊ शकणाऱ्यांपैकी अनेक जण ज्या उद्योगांविषयी लिहायचे त्यांच्याशीच संबंधित असल्याने त्यांच्याकडे जाता येत नाही. कायदेशीर नोटीस आल्यास वकिलाचा खर्च कोण करणार, हे रुजू होण्यापूर्वीच लेखी घ्यावे.

आमचा मराठी वृत्तांत अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचला, परंतु ज्यांच्याविषयी तो होता त्यांतील अनेकींना मराठी वाचता येत नाही. तेलुगूत ध्वनिमुद्रित करून तो व्हॉट्सॲपवर पाठवल्यानंतरच इतर गल्ल्यांतील महिला आपापली कार्डे घेऊन भेटू लागल्या, आणि पुढील वृत्तांताचा आधार त्यांच्याच कागदांतून मिळाला. हे तेलुगूतील काम संस्थेत अजून फावल्या वेळेचे मानले जाते. नव्याने येणाऱ्याने त्याचे तास आणि मानधन करारात नोंदवून घ्यावे.