आयसिंग प्रारूपासाठी घेतलेला रीफर्बिश्ड संगणक (गोलाणी मार्केट, जळगाव)

एम.एस्सी.च्या प्रकल्पात द्विमितीय आयसिंग प्रारूपाचे (वर किंवा खाली अशा दोनच दिशा असलेले ‘स्पिन’ जाळीवर मांडून चुंबकत्व अभ्यासणारे प्रारूप) सिम्युलेशन करायचे असल्याने गोलाणी मार्केटमधील एका दुकानातून चार कोरचा, आठ जीबी रॅमचा रीफर्बिश्ड (वापरलेला, नीट करून पुन्हा विकलेला) डेस्कटॉप घेतला. याच कामासाठी संगणक शोधणाऱ्या खान्देशातील विद्यार्थ्यांनी असा संगणक अवश्य घ्यावा. सोबत मिळणारा जुना यूपीएस मात्र घेऊ नये.

दुकानदारांनी ग्राफिक्स कार्डही सुचवले होते, परंतु त्याची गरज नाही. २५६ गुणिले २५६ च्या जाळीत ६५,५३६ स्पिन असतात आणि प्रत्येकाला एक बाइट दिला तरी सगळी जाळी ६४ केबीत मावते. चार कोरवर चार तापमाने स्वतंत्रपणे चालवता येतात, ही सोय फार मोलाची आहे. महाग प्रोसेसरवरही पैसे घालू नयेत, कारण खरी अडचण क्रांतिक तापमानापाशी, म्हणजे ज्या तापमानाला प्रारूपातील चुंबकत्व नाहीसे होते तिथे, येते: १९५३ च्या मेट्रोपोलिस पद्धतीने एकेक स्पिन उलटवत गेल्यास, जाळीची बाजू दुप्पट करताच आधीच्या मांडणीशी संबंध न उरलेली नवी मांडणी मिळायला सुमारे अठरा पट वेळ लागतो, आणि दुप्पट वेगाचे यंत्र त्यापुढे तोकडेच पडते. १९८९ मध्ये वोल्फ यांनी मांडलेली, समान दिशेच्या स्पिनांचा समूह एकदम उलटवणारी पद्धत वापरली आणि हेच जुने यंत्र पुरेसे ठरले. ऑनसागर यांच्या १९४४ च्या अचूक उत्तरानुसार २.२६९ या क्रांतिक तापमानाला (प्रारूपाच्या एककांत) प्रति स्पिन ऊर्जा −१.४१४ यायला हवी. जाळी वाढवत नेली तशी माझी उत्तरे तिकडेच सरकत गेली, याचे समाधान मोठे आहे.

मे महिन्यात जळगावचा पारा ४४ अंशांपुढे जातो, आणि तापलेला प्रोसेसर आपला वेग आपोआप कमी करतो. दुकानदारांनी संगणक देण्यापूर्वी धूळ काढून थर्मल पेस्ट बदलली होती, त्यामुळे भर दुपारी चारही कोर चालू असताना वेग टिकून राहिला. या कामाबद्दल त्यांना पूर्ण गुण द्यायला हवेत.

यूपीएसची बॅटरी मात्र थकलेली निघाली. वीज जाताच संगणक बंद पडला, चालू असलेली गणना वाया गेली, आणि वॉरंटी फक्त संगणकाची असल्याने बॅटरी बदलून मिळाली नाही. नवी बॅटरी घेईपर्यंत जाळीची स्थिती ठरावीक अंतराने डिस्कवर साठवावी, आणि तिच्यासोबत यादृच्छिक संख्या देणाऱ्या जनित्राची स्थितीही साठवावी. अन्यथा गणना पुन्हा त्याच बीजापासून (जनित्राला सुरुवातीला दिलेल्या आकड्यापासून) सुरू होऊन आधी वापरलेल्याच संख्या परत येतात.