जुन्या डब्बा टीव्हीला नवा प्लेयर: नुसती वायर, डबी की मॉड्युलेटर?

फायर स्टिक (टीव्हीत खोचून इंटरनेटवरचे सिनेमे दाखवणारी) घ्यायची की ब्लू-रे (एचडी डिस्कचा) प्लेयर, हे नंतर. आधी टॉर्च घेऊन टीव्हीच्या पाठीमागे बघा. पिवळी, पांढरी, लाल अशी तीन सॉकेट (म्हणजे एव्ही) आहेत, की अँटेनाचं एकच गोल भोक? शिवाय हिरवं-निळं-लाल असं वेगळं त्रिकूट आहे का? पुढचा सगळा खर्च यावर ठरतो. एचडीएमआय (नव्या टीव्हीचं चपटं डिजिटल सॉकेट) सापडलं, तर काहीच विकत घ्यायला नको.

मुंबईत आणखी एक पेच आहे. २०१२ च्या अखेरीस इथली केबल डिजिटल झाली, तेव्हापासून घरातलं एव्ही सॉकेट सेट-टॉप बॉक्सने अडवलेलं असतं. पुढच्या झाकणाखाली किंवा बाजूला दुसरं एव्ही आहे का बघा, बऱ्याच सेटना असतं आणि वर्षानुवर्षं कोणी उघडलेलं नसतं. नसेल तर बॉक्स की प्लेयर, हे बटण दाबून निवडायचा एव्ही सिलेक्टर घ्या. त्याला वीजही लागत नाही. रोज पिना काढ-घाल केल्या की सॉकेट सैल होतं, आणि मग पिन जरा हलली तरी चित्र जातं.

सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग म्हणजे ज्याला स्वतःचं एव्ही आउट आहे असाच प्लेयर. साध्या डीव्हीडी प्लेयरना ते असतं, काही अँड्रॉइड बॉक्सना ३.५ मिमीच्या भोकातून मिळतं. भोकाशेजारी ‘एव्ही’ छापलंय ना, ते तपासा. काहींचं भोक फक्त आवाजाचं असतं. वायर शक्यतो त्याच बॉक्सची वापरा, कारण चार कड्यांच्या या पिनेत कुठली कडी कशाची, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. दुसरीच वायर लावून चित्र आलं नाही, तर पिवळ्या सॉकेटात लाल आणि मग पांढरी पिन घालून बघा. कित्येकदा चित्र तिथेच सापडतं. एकाही पिनेवर चित्र नाही, नुसती घरघर येते, तर ग्राउंडची कडी जुळत नाही. ती वायर टाकून द्या.

ब्लू-रेच्या बाबतीत हा मार्ग जवळपास बंद आहे. कॉपीराइटच्या करारामुळे २०१३ नंतरच्या प्लेयरना अ‍ॅनालॉग चित्राचं आउटपुटच नाही. जुना, एव्हीवाला सेकंडहँड मिळाला तर सोन्याहून पिवळं.

स्टिक आणि नवे ब्लू-रे यांना मग एचडीएमआय टू एव्ही डबीच लागते. इथे लोक हमखास फसतात. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला तीन रंगीत पिना अशी नुसती वायर स्वस्तात मिळते, पण तिच्यात चिपच नसते. एचडीएमआय डिजिटल, पिवळी पिन अ‍ॅनालॉग, मध्ये रूपांतर करायला कोणीतरी हवंच. दुसरी चूक उलटी डबी आणण्याची: डबीवर ‘एचडीएमआय२एव्ही’ हवं, ‘एव्ही२एचडीएमआय’ नको. दोन्ही दिसायला जुळी भावंडं. मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडवर घेत असाल तर दुकानातच जोडून चित्र बघा.

डबीला वीज द्यावीच लागते, ५ व्होल्टचा मोबाइल चार्जर चालतो. स्टिकला तिचा स्वतःचा अ‍ॅडॅप्टर. म्हणजे टीव्ही, डबी आणि स्टिक मिळून तीन प्लग, एक्स्टेंशन बोर्ड आधी मोजा. स्टिक थेट डबीत घुसते, पण वजनाने लोंबकळते. सोबत आलेली छोटी एचडीएमआय वायर मध्ये घाला.

डबीच्या बाजूचं बारीक बटण पालवर (आपल्याकडच्या टीव्हीची चित्रपद्धत) ठेवा. चित्र कृष्णधवल आलं किंवा वर-खाली फिरायला लागलं, तर बहुधा ते एनटीएससीवर (अमेरिकन पद्धत) आहे. स्टिकचं रिझोल्यूशन ७२०पी, ५० हर्ट्झ करा, हलतं चित्र अडखळत नाही. पडदा काळाच असेल तर फायर टीव्हीच्या रिमोटवर वरचा बाण आणि रिवाइंड पाच सेकंद एकत्र दाबून धरा, रिझोल्यूशन एकेक करून बदलत जातं. चित्र आहे, आवाज नाही? सराउंड साउंड पीसीएमवर (साधा डिजिटल आवाज) आणा, डॉल्बी या डबीला कळत नाही. मेन्यू दिसतो पण सिनेमा लावताच अंधार होतो, तर डबी एचडीसीपी (सिनेमाची कॉपी रोखणारं डिजिटल कुलूप) नीट हाताळत नाही. तिथे सेटिंग कामाचं नाही, डबी बदलून घ्या.

अपेक्षा मात्र माफक ठेवा. पालमध्ये दिसणाऱ्या रेघा ५७६. रुंद चित्र चौकोनात दाबलं जाऊन चेहरे उभट होतात (सेटमध्ये १६:९ असेल तर लावा) आणि कडा कापल्या जातात. चेहरे, गाणी, क्रिकेट ठीक दिसतं. मराठी सबटायटलमधले अनुस्वार मात्र सोफ्यावरून दिसतीलच असं नाही.

हिरवं-निळं-लाल त्रिकूट असेल तर रंग जास्त स्वच्छ येतात. पण त्यासाठीच्या कित्येक डब्या रिझोल्यूशन कमी करत नाहीत, आणि डब्बा टीव्हीला ७२०पी सहसा झेपत नाही. ब्लू-रे प्लेयरमध्ये ५७६आय (पालच्या त्याच ५७६ रेघा) निवडता येत असेल तरच या वाटेला जा.

उरला फक्त अँटेनावाला सेट. त्याला डबीच्या पुढे आरएफ मॉड्युलेटर (चित्र-आवाज अँटेनाच्या लहरींत बदलणारा) लागतो: दोनदा रूपांतर, मोनो आवाज, चित्रात मुंग्या. तो घेताना पाल बी/जी आहे याची खात्री करा. आपल्याकडे चित्र आणि आवाजाच्या लहरींत ५.५ मेगाहर्ट्झचं अंतर असतं, अमेरिकन पद्धतीत ४.५. चुकीचा आणलात तर चित्र कदाचित सापडेल, आवाजाच्या जागी खरखर. घरात व्हीसीआर पडून असेल तर मॉड्युलेटर नकोच: डबीच्या पिना त्याच्या एव्ही इनमध्ये, त्याच्या आरएफ आउटची वायर टीव्हीत, आणि टीव्हीवर व्हीसीआरचं चॅनेल शोधा. पण डबी आणि मॉड्युलेटर दोन्ही नव्याने घ्यायचे असतील, तर या सेटवर आम्ही पैसे घालणार नाही. ती रक्कम नव्या ३२ इंचीसाठी बाजूला ठेवा, आणि जुना सेट भंगारवाल्याऐवजी ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. पिक्चर ट्यूबच्या काचेत शिसं असतं.