मसाई पठारची ‘निवांत चाल’: वाट एक नंबर, जेवण नापास

दिवाळी झाली की पुढच्याच रविवारी जाऊन आलो. पन्हाळा ते मसाई पठार, सकाळची चाल, माणशी ६५० रुपये, त्यात गाईड, नाष्टा आणि जेवण. ग्रुपचं नाव मुद्दाम घेत नाही, पोरं मनानं चांगली आहेत.

मी ह्या वाटेनं आधी दोनदा गेलोय पण दोन्ही वेळा जुलैत, पावनखिंड मोहिमेला, म्हणजे चिखल, धुकं, पुढच्याची पाठ सोडून काय दिसत नाही. ह्यावेळी आईला घेऊन गेलो, वय ६४, गुडघे कुरकुरतात, म्हणून जाहिरातीत ‘चढ नाही’ वाचून पैसे भरले. तर चढ आहे भावांनो! म्हाळुंगेतनं पठारावर जाताना चांगला दम निघतो. आई तीनदा बसली, पण गाईड पोरगा प्रत्येक वेळी तिच्याजवळ थांबला, बाकीच्यांना पुढं पाठवलं, घाई केली नाही, त्याला माझ्याकडनं पूर्ण मार्क. ज्यांना जमत नाही त्यांनी सरळ गाडीनं वर यावं, रस्ता आहे, हे जाहिरातीत लिहायला काय जातंय?

राजदिंडीपाशी, म्हणजे पन्हाळ्यातनं बाहेर पडायच्या छोट्या दरवाज्यापाशी, गाईडनं १६६० चा वेढा सांगितला, सिद्दी जौहर, पावसाळी रात्र, महाराज ह्याच बाजूनं बाहेर पडून मसाई पठारावरनं विशाळगडाकडं गेले. पाच मिनिटांत संपवलं ते बरं केलं, नायतर हल्ली युनेस्कोच्या यादीत पन्हाळा आल्यापासून (२०२५) जो तो व्याख्यानच झोडतोय.

मला खरी मजा आली ती खालच्या पाणंदीत. दोन्ही बाजूला ऊस, मधी बैलगाडीच्या चाकोऱ्या, त्यात अजून थोडी ओल, तोडणी सुरू झालेली म्हणून वाड्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्याचा, तो हिरवा वास, आणि कोण बोलत नव्हतं. आई म्हणाली, “माहेरची वाट अशीच होती रे, आता डांबर झालं.” मग पाऊण तास आत्या, मामी, सगळ्यांच्या गोष्टी. ६५० तिथंच वसूल.

वर पठारावर गवत पिवळंजर्द झालेलं, वारं सुटलं की सगळं पठार एका बाजूला झोपतंय. खाली सगळा जांभा, माती वीतभर पण नाही, म्हणून मोठी झाडं जवळपास नाहीतच, सावली शोधू नका, टोपी न्या. फुलं बघायची असतील तर सप्टेंबरात जावा, तेव्हा सोनकी असते, आम्हाला सुकलेली बोंडं मिळाली. मसाईदेवीच्या देवळात दर्शन घेऊन गार दगडावर पाठ टेकली, लई बरं वाटलं.

आता जेवण. ‘चुलीवरची भाकरी’ म्हणाले होते आणि आली फॉईलमधली गार चपाती, झुणका घशाखाली उतरंना, ते पण अडीच वाजता. पन्हाळ्याच्या पायथ्याला येऊन असला झुणका? परत येताना आम्ही स्वतःच्या पैशानं गरम भाकरी, ठेचा आणि दही हाणलं तेव्हा आईचा चेहरा खुलला.

पाचपैकी साडेतीन, अर्धा त्या गाईडचा. आणि बूट घाला, सँडल नको, पायमोजे तर जुनेच घाला, कुसळं आठ दिवस झाले तरी निघेनात, आईनं दोन्ही जोड पोतेरं करायला काढलेत.