गिलाव्याआधीची अलार्म वायर: जळगावातील एका वायरिंग सेवेचा अनुभव

जळगावात पिंप्राळ्याच्या बाजूला आम्ही तळमजला अधिक एक मजला असे घर बांधले. घरफोडीचा अलार्म लगेच बसवण्याइतकी रक्कम हाताशी उरणार नव्हती. मात्र पुढे तो बसवायचा झाला तर रंगवलेल्या भिंती फोडाव्या लागू नयेत, म्हणून गिलाव्याआधीच त्याच्या वायरी टाकून घ्यायचे ठरवले. घराच्या नेहमीच्या वायरमनला या कामात रस नव्हता. आजकाल सगळे वायफायवर चालते, असे त्याचे म्हणणे. ते अगदीच खोटे नाही, पण बिनतारी सेन्सरमधील बॅटऱ्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात आणि आरसीसीच्या जाड भिंतींतून सिग्नल क्षीण होत जातो. म्हणून कॅमेरे आणि इंटरकॉमची कामे करणाऱ्या गावातील एका छोट्या सेवेला हे काम दिले. त्याच कामाचा हा अभिप्राय आहे. त्यांचे नाव देत नाही, कारण पुढे एक-दोन तक्रारीही येणार आहेत.

त्यांच्या कामातील सर्वांत चांगला भाग वायर आणण्याच्या आधीच पार पडला. स्लॅबचे सेंट्रिंग सुरू असताना त्यांचा म्होरक्या खडू घेऊन आला आणि माझ्यासह घरभर फिरला. माझ्या मनात मुख्य दार, मागचे दार आणि बैठकीची खोली एवढेच होते. त्याने पहिला प्रश्न विचारला तो उन्हाळ्यात गच्चीवर कोण झोपते याचा. मे महिन्यात इथे पारा 45 अंशांच्या आसपास असतो, रात्रीही भिंती गरम राहतात आणि अर्धी वसाहत गच्चीवर अंथरुणे टाकते. खाली घर रिकामे आणि वर माणसे गाढ झोपेत, ही चोराच्या दृष्टीने सोयीची स्थिती. म्हणून अलार्म चालू-बंद करण्याचा एक कीपॅड मुख्य दाराजवळ आणि दुसरा जिन्याच्या माथ्यावर, गच्चीच्या दाराच्या आतल्या बाजूला धरावा, म्हणजे वर जाताना फक्त तळमजल्याचा अलार्म चालू करता येईल, असे त्याने सुचवले. हा विचार कोणत्याही कंपनीच्या माहितीपत्रकात मला सापडला नसता.

दुसरी गोष्ट सेन्सरची. हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतील फरक ओळखतो, त्यामुळे बंद खोलीचे तापमान 35 ते 37 अंशांवर गेले की तो मंदावतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये कुलूपबंद घर सहज तेवढे तापते, आणि नेमक्या त्याच दिवसांत लोक लग्नांना घर बंद करून जातात. यावर उपाय म्हणून पीआयआरच्या जोडीला मायक्रोवेव्ह लहरींनीही हालचाल टिपणारा दुहेरी सेन्सर बसवता येतो. त्यासाठी आज वेगळे काही करायचे नाही, फक्त त्या बिंदूपर्यंत चार तारी केबल पोचलेली हवी. दोन तारा 12 व्होल्ट पुरवठ्याच्या आणि दोन इशाऱ्याच्या. जागाही त्याने विचारपूर्वक निवडल्या: कोपऱ्यात, जमिनीपासून सात ते आठ फुटांवर, खिडकीकडे तोंड नसलेल्या आणि कुलरच्या झोतात न येणाऱ्या. कुलरपुढे हलणारा पडदा आणि सेन्सरवरून फिरणारी पाल ही खोट्या सायरनची दोन नेहमीची कारणे असल्याचे त्याने सांगितले.

पॅनेलची, म्हणजे सगळ्या वायरी जिथे येतात त्या अलार्मच्या मुख्य पेटीची, जागा ठरवताना मात्र आमचा वाद झाला. मला तो माळ्यावर हवा होता, कारण तिथे कोणाचे लक्ष जात नाही. त्याने नकार दिला. पॅनेलमध्ये 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची लेड-अ‍ॅसिड बॅटरी असते, आणि 25 अंशांच्या वर प्रत्येक 10 अंशांमागे अशा बॅटरीचे आयुष्य ढोबळमानाने निम्मे होत जाते. गच्चीच्या स्लॅबखालचा माळा म्हणजे तिच्यासाठी भट्टीच. शेवटी जिन्याखालच्या कोठीत, आतल्या भिंतीवर पॅनेल धरला आणि त्याच्यासाठी मुख्य बोर्डातून स्वतंत्र एमसीबी (आपोआप तुटणारा स्विच) काढून घेतला, म्हणजे दिव्यांचे सर्किट कोणी बंद केले तरी अलार्मचा पुरवठा तुटणार नाही. सगळ्या सेन्सरचा आणि पॅनेलचा मिळून खप 0.3 अँपिअरच्या आत राहिला, तर नव्या बॅटरीवर वीज गेल्यानंतरही वीस तासांच्या आसपास निघतात.

एकूण चौदा पॉइंट झाले. प्रत्येक पॉइंटची केबल सलग, मध्ये जोड न देता थेट कोठीत आणली, जेणेकरून एखादी लाइन बिघडली तर बाकीच्या शाबूत राहतील. विजेच्या पाइपांपासून या नळ्या एक फूट दूर ठेवल्या आणि जिथे एकमेकींना ओलांडायच्या तिथे काटकोनात ओलांडल्या. नळ्या आयएस 9537 या भारतीय मानकाचा शिक्का असलेल्या 25 मिलिमीटरच्या होत्या. जळगावसारख्या पाइप बनवणाऱ्या गावात राहून या बाबतीत हयगय झाली असती तर लाजच वाटली असती. दोन जास्तीच्या नळ्या रिकाम्या सोडा, असा आग्रह त्यांच्या एका वयस्कर कारागिराचा. तो अहिराणीत म्हणाला, “भाऊ, आते नळी टाकी ल्या, मंग भिंत फोडानं काम पडनार नही.” त्यातली एक नळी दर्शनी भिंतीवर उंच, पुढच्या सायरनजवळ निघते आणि दुसरी अंगणातल्या फाटकाकडे जाते. उंदरांचा विचार करता उघडी केबल कुठेही ठेवलेली नाही, हेही नोंदवतो.

आता तक्रारी. केबलचे पहिले भेंडोळे आले तेव्हा मी सहज एक तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि खाली पांढरट चकाकी दिसली: तांब्याचा मुलामा दिलेले अ‍ॅल्युमिनियम. अशा तारेचा रोध शुद्ध तांब्याच्या सुमारे दीडपट असतो आणि ती स्क्रूखाली वारंवार घट्ट केली की तुटते. करारात तांबे लिहिलेले होते. म्होरक्याने दुकानदाराकडे बोट दाखवले, पण वाद न वाढवता दुसऱ्याच दिवशी माल बदलून आणला. बदलला हे मान्य. मी खरवडले नसते तर तोच भिंतीत गेला असता, हेही तितकेच खरे.

दुसरी चूक जास्त महागात पडली असती. मागच्या दाराजवळचा बॉक्स गवंड्याने गिलाव्याखाली गाडून टाकला, आणि सेवेचा माणूस त्या दिवशी साइटवर फिरकलाच नव्हता. सुदैवाने गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो, शेजारी मोजपट्टी धरून, मी काढून ठेवले होते. फोटोत बॉक्स चौकटीपासून 14 इंच आणि जमिनीपासून साडेसहा फूट दिसत होता. तेवढ्या ठिकाणी छिन्नी लावताच झाकण सापडले. फोटो काढण्याची सूचना खरे तर त्यांनी करायला हवी होती. वायरिंगचा नकाशाही मी तिसऱ्यांदा मागितल्यावर त्यांनी दिला आणि त्यातील दोन पॉइंटचे क्रमांक उलटसुलट होते. ते मी कोठीत बसून, एकेका केबलच्या दुसऱ्या टोकाच्या तारा मुलाला एकमेकींना जोडायला सांगून, मल्टिमीटरने दुरुस्त केले. सुमारे 18 मीटरच्या स्वयंपाकघराच्या लाइनचे जाऊन-येऊन रीडिंग 3 ओहमच्या जवळ आले, म्हणजे तांबे खरे आहे आणि तार मध्ये कुठे दुखावलेली नाही.

शंभर मीटरची दोन भेंडोळी आणि तिसऱ्यातील थोडी केबल लागली. दर पॉइंटप्रमाणे ठरला होता आणि शेवटी त्यात वाढ झाली नाही. शेवटचा हप्ता नकाशा हाती आल्यावरच देण्याची अट मी घातली होती. ती नसती तर तो नकाशा आलाच नसता असे वाटते. कल्पकता आणि नळ्यांचे काम यासाठी मी त्यांना पुन्हा बोलावेन. मालाची तपासणी आणि नोंदी मात्र घरमालकाने स्वतःकडेच ठेवाव्यात. रोज साइटवर जाणे ज्यांना शक्य नाही, त्यांना ही सेवा सुचवताना मी जरा कचरतो.

सध्या तेरा बॉक्सवर कोऱ्या प्लेटा बसल्या आहेत. मुख्य दाराच्या चौकटीत चुंबकी संपर्कासाठी (दार उघडल्याचे टिपणाऱ्या सेन्सरसाठी) भोक पाडायचे आहे, ते मात्र मी थांबवले आहे. घर काळ्या मातीवर उभे आहे, चौकट सागवानी आहे. पहिल्या पावसाळ्यात दार किती फुगते आणि फटीत किती अंतर पडते, ते मोजून घेतल्यावरच ती जागा पक्की करणार आहे.