इंजिन ऑइल पाझरतंय: भरत राहावं, बाटली ओतावी की पॅकिंग बदलावं?

गाडी हलवली आणि पार्किंगच्या फरशीवर काळपट डाग दिसला, की सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं ऑइल टाकत राहा, कुणी गळती थांबवणारं लिक्विड ओतायला सांगतं, तर कुणी थेट इंजिन खोलायला. गळती कुठून आहे आणि ऑइल कशावर पडतंय, हे कळल्याशिवाय यातलं काहीच ठरवू नका. किती पडतंय, हा नंतरचा प्रश्न.

आधी ते ऑइलच आहे ना, ते बघा. खाली पुठ्ठा टाकून रात्रभर गाडी उभी करा. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं. हिरवं किंवा गुलाबी दिसलं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी. तो वेगळा विषय, आणि जास्त घाईचा. तपकिरी-काळं, बोटाला चिकट लागलं तर इंजिन ऑइल.

ऑइल वरून ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. त्यामुळे चेंबर (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं) ओला दिसला म्हणून त्याचं पॅकिंग (जोडातून ऑइल गळू न देणारी पट्टी) बदलायचं, आणि गळती निघते टॅपेट कव्हरची (इंजिनाच्या माथ्यावरचं झाकण), हे गॅरेजमध्ये नेहमी घडतं. इंजिन थंड असताना डीग्रीझरने पुसून घ्या. अल्टरनेटर आणि वायरिंगवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका. मग साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट चढून या. इंजिन तापलं की ऑइल पातळ होतं आणि गळती लपत नाही. परतल्यावर टॉर्च घेऊन वरून खाली बघत या. ओल्या भागातली सगळ्यात वरची जागा, तिथे संशय. नुकतीच सर्व्हिसिंग झाली असेल तर मात्र आधी ऑइल फिल्टर आणि ड्रेन बोल्टचा (जुनं ऑइल काढायचा खालचा बोल्ट) वॉशर तपासा. फिल्टरची जुनी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि त्यावर नवा फिल्टर बसला, तर गळती ठरलेलीच.

आता पर्याय. नुसतं ऑइल भरत राहणं हा आळशीपणा आहेच असं नाही. जुन्या गाडीत क्रँकचं मागचं सील (इंजिनाचा फिरता दांडा गिअरबॉक्सकडे बाहेर येतो तिथली रबरी रिंग) नुसतं ओलसर दिसतंय, थेंब पडत नाही, तर खुशाल थांबा. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. सील स्वस्त, मजुरी महाग. दर आठवड्याला सपाट जागेवर, इंजिन बंद करून थोडा वेळ गेल्यावर डिपस्टिक (ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी) बघा. बऱ्याच गाड्यांत खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण 1 लिटरचा फरक असतो. वरच्या खुणेपुढे भरू नका. ऑइलचा लाल दिवा लागेपर्यंत वाट पाहणं हा शुद्ध वेडेपणा. तो दिवा प्रेशर पडल्याचा असतो, लागला की गाडी जागीच बंद करायची.

पण ऑइल सायलेन्सरच्या गरम मॅनिफोल्डवर (इंजिनाला लागून असलेल्या धुराच्या नळ्यांवर) पडत असेल, पुण्याहून येताना खंबाटकी घाट चढताना जळका वास येत असेल, तर भरत राहणं बाद. तिथे आग लागू शकते. टायमिंग बेल्टवर किंवा क्लचवर पडत असेल तरी तेच.

बाटलीतलं लिक्विड कडक झालेल्या रबरी सीलला मऊ करून थोडं फुगवतं. म्हणून मागच्या सीलच्या बारीक पाझराला कधी कधी गुण येतो. फाटलेल्या पॅकिंगला, आटे गेलेल्या ड्रेन बोल्टला त्याचा काडीचा उपयोग नाही. गाडी विकण्याच्या आदल्या आठवड्यात ते ओतणारेही आहेत. जुनी गाडी घेताना ध्यानात असू द्या.

टॅपेट कव्हरचं पॅकिंग गेलं असेल तर मी सरळ बदलून घेईन. कुकरच्या रिंगसारखं तेही उष्णतेने कडक होतं, आणि लहान गाड्यांत काम फारसं खर्चिक नसतं. वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनीचं वर्कशॉप, नसेल तर साताऱ्यातला ओळखीचा फिटर पुरे. पॅकिंग मात्र ओरिजिनल, शक्यतो स्वतः आणलेलं. पेट्रोल गाडीत स्पार्क प्लगच्या विहिरीची सीलं असतील तर तीही त्याच वेळी.

काम होताना शेजारी उभे राहा. जुनं पॅकिंग खरवडून जागा कोरडी झाली का? सिलिकॉन कंपनीने सांगितलेल्या जागीच, बहुधा कोपऱ्यांत आणि जोडावर, लागतंय का? भरमसाठ लावलं तर जादाचं आत सुटतं आणि चेंबरच्या जाळीत अडकतं. बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोर लावायचा ते मोजणारा पाना), कंपनीने दिलेल्या क्रमाने आवळायचे. "साहेब, बदलायला कशाला, नट जरा आवळून देतो," असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. कव्हर वाकतं नाहीतर तडकतं, हेडमधले (कव्हरखालचा इंजिनाचा वरचा भाग) आटे जातात, आणि पॅकिंगचं काम हेडच्या कामावर जातं.

ब्रीदर पाइप आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातला दाब सोडणाऱ्या वाटा, त्याच वेळी तपासून घ्या. ते तुंबले असतील तर आतला दाब ऑइलला बाहेर ढकलतो आणि नवं पॅकिंगही पाझरू लागतं. मागच्या सीलचं काम पुढे ढकललं असेल, तर क्लच प्लेटसाठी गिअरबॉक्स उतरेल त्या दिवशी फिटरला आधीच सांगून ठेवा. एकाच मजुरीत दोन्ही होतं.