पंधरा हजारांत भाड्याचं घर सजवलं: नऊ महिन्यांनंतर काय टिकलं, काय उतरलं

मागच्या मे महिन्यात आम्ही दोघं पुण्यात वारज्याला वन बीएचकेत राहायला आलो. अकरा महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स, डिपॉझिट भरून खिसा मोकळा, आणि घरमालकांची पहिलीच सूचना: भिंतीला खिळा मारायचा नाही. घर तसं नीटनेटकं होतं, पण संध्याकाळी दिवा लावला की दवाखान्याची वेटिंग रूम वाटायची. घर सजवायला पंधरा हजार बाजूला काढले. त्यापुढे एक रुपया नाही, असं बायकोनं आधीच बजावलं होतं.

नवीन सामानाचं कौतुक पहिल्या आठवड्यात कुणीही करतं. एक अख्खा पावसाळा, गणपती, दिवाळी आणि संक्रांतीचं हळदीकुंकू पार पडलं, की मग खरं काय ते कळतं.

सगळ्यात स्वस्तात सगळ्यात जास्त काम केलं ते उजेडानं. हॉलमध्ये छताजवळ एकच पांढरी ट्यूब होती, ६५०० केल्विनची (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगछटेचं माप; आकडा जितका लहान तितका उजेड पिवळसर). तिच्या उजेडात माणसं आजारी दिसतात आणि भिंतीवरचा प्रत्येक ओरखडा मोजता येतो. ती काढली नाही, फक्त संध्याकाळनंतर लावायची बंद केली. तिच्याऐवजी ९ वॉटचे दोन एलईडी बल्ब आणले. दुकानात ‘वॉर्म व्हाईट’ मागा आणि खोक्यावर २७०० किंवा ३००० आकडा आहे का ते बघून घ्या. दोन्ही बल्ब एकाच आकड्याचे हवेत, नाहीतर एक कोपरा पिवळा आणि दुसरा केशरी दिसतो. रोज पाच तास दोन्ही चालू ठेवले तरी महिन्याला तीन युनिटांच्या आत भागतं.

एवढ्यानं अर्धंच काम झालं. बाकीचं अर्धं बल्ब खाली आणल्यावर झालं. छतावरून पडणारा उजेड डोक्यावर बसतो, बसलेल्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवरचा उजेड खोलीत पसरतो. त्यासाठी बुरूड आळीतून १८० रुपयांना एक अशा दोन बांबूच्या टोपल्या आणल्या आणि त्यांच्या बुडातून होल्डर ओवला. एक टोपली खिडकीच्या गजाला टांगली, दुसरी पुस्तकांच्या मांडणीच्या कडेला. पहिल्या संध्याकाळी भिंतीवर विणीची जाळी पडली आणि आम्ही दोघंही बोलायचं थांबलो. वायर, होल्डर आणि बल्ब मिळून साडेअकराशे लागले. (टोपलीत जुना साठ वॉटचा तापणारा बल्ब चुकूनही लावू नका. एलईडीच हवा, आणि तोही बांबूला टेकता कामा नये.)

स्वयंपाकघरात मात्र ट्यूबच ठेवली. पिवळ्या उजेडात मेथी निवडून बघा, म्हणजे कळेल.

आता तक्रार. नोव्हेंबरात मांडणीवर बारीक पिवळसर पीठ दिसायला लागलं. मला वाटलं भिंतीचा रंग झडतोय. पुसलं की दुसऱ्या दिवशी परत. शेवटी टोपली कानाशी धरली तर आतून कुरकुर ऐकू येत होती! बांबूला भुंगेरा लागला होता. दोन दिवस कडक उन्हात ठेवली, छिद्रांत कापसाच्या बोळ्यानं रॉकेल भरलं, वास पूर्ण गेल्यावर वॉर्निशचा हात दिला. तेव्हापासून पीठ थांबलंय. हे मी आणल्या दिवशीच करायला हवं होतं.

बसायच्या सोयीबद्दल माझं मत मधल्या काळात बदललं. सोफा परवडणारा नव्हताच, म्हणून भारतीय बैठक केली: तीन बाय सहाच्या दोन कापसाच्या गाद्या, चार तक्के, खोळी, सगळं मिळून ५,२००. गादीवर आजीच्या नऊवारीची गोधडी घातली. ती फुकट, कारण आईच्या ट्रंकेत पडून होती. तिचा धावदोरा तीन बाजूंना पांढरा आहे आणि चौथ्या बाजूला अचानक लाल होतो, कारण आजीचा पांढरा दोरा संपला आणि बाजाराच्या दिवसापर्यंत थांबायची तिची तयारी नव्हती. घरी येणारा प्रत्येक माणूस त्या लाल कडेवर बोट फिरवतो. विकत आणलेल्या एकाही वस्तूबद्दल कुणी एवढं विचारलेलं नाही.

बैठक दिसायला देखणी, मित्रमंडळी आली की उत्तम. पण हळदीकुंकवाला ७१ वर्षांची आत्या आली, दारातच थबकली आणि म्हणाली, “अरे, खुर्ची नाही का रे घरात?” आम्ही तिला स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसवलं. पाठ टेकायला काही नाही, वाण हातात घेऊन बिचारी अर्धा तास अवघडून बसली. जाताना म्हणाली, “छान केलंय हं घर.” ते ऐकून जास्तच लाज वाटली. पाहुण्यांसाठी म्हणून मांडलेल्या बैठकीवर सगळ्यात मानाच्या पाहुणीलाच बसता येत नव्हतं.

पुढच्याच रविवारी मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेलो. हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. जायचं तर सकाळी, आणि सोबत मोजपट्टी हवीच. हातांच्या दोन लाकडी खुर्च्या मिळाल्या. एकीचा पाय डगमगत होता, तेवढ्यावर दोनशे कमी केले. घासून, फेव्हिकॉल भरून, पॉलिश करून दोन्ही १,८०० ला पडल्या. आता वाटतं, आधी खुर्च्या घ्यायला हव्या होत्या आणि उरलेल्या पैशात एकच गादी. शिवाय गाद्या एवढ्यातच मधे दबल्यात. दर रविवारी उभ्या करून ऊन-वारा देतो, पण यंदा कापूस पिंजून घ्यावाच लागणार.

पडद्यांना मांजरपाट घेतलं. अठरा मीटर, सत्तर रुपये मीटर. कोरं मांजरपाट सायीच्या रंगाचं असतं, दुपारचं पश्चिमेचं ऊन त्यातून गाळून येतं आणि खोली न्हाऊन निघते. शिंप्यानं विचारलं होतं, “भिजवून आणलंय ना?” मी अर्थातच “हो” म्हणालो. पहिल्या धुण्यात पडदे चार इंच वर चढले, आखूड झालेल्या पायजम्यासारखे. मग बायकोनं खालून खणाच्या उरलेल्या तुकड्यांची पट्टी जोडली. आता लोकांना तो काठ मुद्दाम लावलाय असं वाटतं आणि आम्ही तसंच वाटू देतो. पण खण वेगळा भिजवून रंग जातो का ते आधी बघा. आमच्या मरून पट्टीनं एका पडद्याला गुलाबी कड दिलीच.

वाया गेलेल्या पैशांचं थोडक्यात सांगतो, कारण ते आठवायला आवडत नाही. विटांच्या डिझाईनचा चिकटवायचा वॉलपेपर, १,४००: जुलैत ओल धरून वरच्या कोपऱ्यातून सुटला आणि ओढला तेव्हा घरमालकांचा रंगही घेऊन आला. तेवढा पट्टा आता आम्हाला रंगवून द्यायचाय. तागाचा गालिचा, ९००: पावसाळ्यात खालून बुरशी, आणि पोतं भिजल्यासारखा वास. दिव्यांची माळ, ३५०: दिवाळीपर्यंतसुद्धा टिकली नाही. चिकट हुक तर आमच्या नातेवाइकांनीच दिले होते. त्यातला एक रात्री दोन वाजता लग्नाच्या फोटोसकट खाली आला. आता फ्रेमा मांडणीवर भिंतीला टेकवून ठेवतो, तशाच जास्त बऱ्या दिसतात.

कुंड्या आणि गेरू मिळून सातशे. मनी प्लांट शेजारच्या काकूंच्या वेलाची फांदी आणून काचेच्या बरणीत लावला, तो आता खिडकीच्या गजावर पोचलाय.

शिलाई आणि पडद्यांचे रॉड धरून सगळं १४,५२० झालं. उरलेले ४८० रंगाच्या पट्ट्याला जातील, आणि ते पुरणार नाहीत.

करार एप्रिलमध्ये संपतोय. पुढचं घर कुठलंही असो, टोपल्या, खुर्च्या, गोधडी आणि पडदे सोबत येणार. पडदे तिथल्या खिडक्यांना बसतील का कोण जाणे, पण खाली पट्टी जोडायची आता सवय झालीय. आणि दिव्यासाठी आमच्यासारखी टोपली आता शेजारच्या काकूंनाही हवीय; तुम्हालाही आणायची असेल तर विरळ विणीची मागा. मी आधी एक घट्ट विणीची आणली होती, तिच्यात उजेड आतच कोंडतो. ती सध्या कांद्यांना दिलीय.